पालखीच्या आधीची घरपट्टी

फाल्गुन, १९८४. पालखी घरोघर निघायच्या आदल्या दिवशीची सकाळ. हजर : सरपंच, नव्याने बदलून आलेले ग्रामसेवक, पंचायतीचा शिपाई, पावत्या लिहायला मी (शाळेची बाई, अक्षर बरं म्हणून), शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी, आणि रांगेत नेहमीप्रमाणे पहिली, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीतली काकी.

आमच्या गावात घरपट्टीसाठी कुणाला दारोदार फिरावं लागत नसे. देणं बाकी ठेवून देवाला दारात घ्यायचं नाही, असा रिवाज होता. पालखी जिथे बसते त्या सहाणेजवळ टेबल मांडायचं. ग्रामसेवक प्रत्येकाचं घर, त्याचा प्रकार आणि पट्टी मोठ्याने वाचणार, मी पावती फाडणार. शेजाऱ्याला किती लागली हे सगळ्यांनी ऐकलं की भांडण उरत नसे.

त्या वर्षी पऱ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, व्हायचा होता. पावसात पाणी चढलं की पलीकडची मुलं शाळेला मुकत. काकीची नात त्यांतलीच; तिसरीत होती, गणितात सगळ्यांच्या पुढे. दोन्ही काठांना चिऱ्याचे खांब बांधून झाले होते. गावाची पट्टी पूर्ण जमली, तर उरलेल्या कामाचे पैसे तालुक्याहून मिळणार होते.

एक चाकरमानी घाईत होता, म्हणून काकीने त्याला पुढे जाऊ दिलं. त्याने आदल्या वर्षी रस्त्याकडेला स्लॅबचं घर बांधलं होतं, गावातलं पहिलंच. कोणतं घर कुणाचं हे नव्या ग्रामसेवकांना कुठलं ठाऊक? समोरच्या वहीत लिहिलं होतं तसं ते वाचून गेले, "गोठा. कुडाच्या भिंती, शेणाची जमीन."

मागून कुणी तरी म्हणालं, "मंग म्हशी गच्चीवर चढतात कश्या?"

सगळे हसले, घराचा मालकही हसला. घर मोजायला आलेल्या माणसाला आपण पैसे देऊन खूश केलं होतं, मुंबईत असंच चालतं, असं त्याने सरळ सांगून टाकलं. मग मात्र हसू थांबलं. लोक सरपंचांकडे बघू लागले. टेप शिपायाच्या पिशवीत होती, घर हाकेच्या अंतरावर होतं. सरपंच म्हणाले, सणाचे दिवस आहेत, पुढे बघू.

काकीने पदराची गाठ सोडून पैसे हातात घेतले होते. तिने ती गाठ पुन्हा बांधली.

"भाऊसाहेब, माजं घर पन गोठाच लिवा. म्हस तेवढी नाय."

ती रागावली असती तर समजूत घालता आली असती. ती शांतपणे निघून गेली. तिच्यामागे रांगेतले बरेच जण 'घरी जाऊन येतो' म्हणून गेले ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पालखी पट्टी भरलेल्या आणि न भरलेल्या सगळ्या घरांत गेली, कुणाचं काही वाईट झालं नाही. लोकांनी हेही पाहून ठेवलं.

मी फेरमोजणीचा अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. मोजणीचा माणूस आला, स्लॅबच्या घरात सुरमईचं जेवण जेवला आणि टेप न उलगडता परत गेला. पुढच्या शिमग्यापर्यंत आणखी कितीतरी घरांचे गोठे झाले. त्यासाठी दिलेले पैसे जवळपास पट्टीइतकेच होत, तरी लोक ते खुशीने देत. पट्टी द्यायची म्हटलं की मात्र आपण फसतोय असं त्यांना वाटे. वसुली अर्धवट राहिली आणि तालुक्याचे पैसे आले नाहीत.

एकदा मी काकीकडे गेले. साकव तुमच्या नातीसाठीच आहे, निदान तुम्ही तरी भरा, असं म्हणून पाहिलं.

"मी एकटीनं बांधू काय साकव, बाई?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

१९८४च्याच पावसाळ्यात, ती चौथीत गेल्यावर, हजेरीपटावर नातीच्या नावापुढे गैरहजेरीच पडत गेली. गणपतीनंतर कळलं, तिला मुंबईला मामीचं मूल सांभाळायला पाठवलं. चौथीची परीक्षा तिने दिली नाही.

माझ्या कामांच्या यादीत ही नोंद दर वर्षी पुढच्या पानावर येते. अर्ज : केला. स्मरणपत्र : दिलं. सगळ्यांसमोर स्लॅबच्या घराचं माप घेणं : बाकी. टेप मी रत्नागिरीच्या बाजारातून स्वतः आणून ठेवली आहे. दुसरं टोक धरायला गावातलं एक माणूस हवं आहे.