सरळ झालेलं घर

आर्डिस ट्वाइट हॉस्पिटलातून घरी आली, त्या दिवशी अंगणात अनोळखी माणसं रांगेनं उभी होती. बायकांच्या हातात केकची भांडी होती, पुरुषांनी टोप्या काढून पोटाशी धरल्या होत्या. कॅन्ससमधल्या एका चर्चची ही मंडळी. वादळात ज्यांची घरं गेली त्यांना ती फुकट उभी करून द्यायची, रात्री शाळेच्या जिममध्ये अंथरुणं टाकायची, कोणी वाढेल ते खायचं, हा त्यांचा दर वसंतातला नेम. एप्रिलच्या वादळात आर्डिसच्या राहत्या घराचं छप्पर उडालं होतं आणि तळघराच्या जिन्यावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड डॉक्टरांनी बसवलं, छप्पर या लोकांनी. शेजारच्या डेल्मर हाउगनच्या गाडीतून उतरताना तिनं वर पाहिलं. काम चोख होतं.

त्यांचा मुकादम विलिस स्टकी, सत्तरीकडे झुकलेला सुतार, पुढे आला.

"बाई, तुमच्यासाठी आणखी एक गंमत आहे. छप्पर लवकर उरकलं. पोरं म्हणाली, हात आहेत, लाकूड आहे, मागचं ते छोटं घरही करून टाकू. वाऱ्यानं पार कलंडलं होतं बिचारं."

आर्डिस काठी टेकत घराच्या कोपऱ्यापर्यंत गेली. मागे माळावर तिचं तिरपं घर ओळंब्यात उभं होतं. नवा पाया, नव्या फळ्या, पांढरा रंग.

"लेव्हलची पट्टी कुठंही ठेवा," विलिस म्हणाला, "बुडबुडा मधून हलणार नाही."

"फार कष्ट घेतलेत," आर्डिस म्हणाली. त्या मुलखात भेट देणाऱ्याला एवढंच म्हणायची रीत आहे. मग तिनं सगळ्यांना घरात बोलावलं, कॉफी टाकली, केक कापला आणि एक तुकडा स्वतःही खाल्ला. गाड्या निघून जाईपर्यंत ती दारात उभी राहून हात हलवत होती.

त्यानंतर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि डेल्मरला म्हणाली, "तू रोज इथं येत होतास."

"मांजरांना खायला घालायला."

"ते काय करताहेत ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं की."

"मग?"

डेल्मरनं टोपीची कड चाचपली. "मला वाटलं, तूच सांगितलं असशील. तुझं घर. मी कोण विचारणारा?"

"माझं सगळं आयुष्य त्या तिरप्या घरात गेलं, डेल्मर."

"माणूस कंटाळतो एखाद्या गोष्टीला. म्हटलं, तुलाही आला असेल कंटाळा."

डेल्मर शेजारी म्हणून उत्तम होता. तो विचारल्याशिवाय कोणाच्या कुंपणाला हात लावत नसे, आणि विचारणं त्याला जमत नसे.

सूफॉल्स शहराच्या पश्चिमेला एक जुना दुपदरी रस्ता आहे. मोठा महामार्ग झाल्यापासून त्यावर ट्रक येत नाहीत, पण उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सहलीच्या गाड्या येतात. सकाळी निघायचं, शिंगांना कंदील टांगलेला सिमेंटचा बैल बघायचा, मग एका निवृत्त दंतवैद्याच्या तळघरातल्या दाराच्या मुठी, हजारोंनी, मग कॅफेत रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री, आणि परतीच्या आधी ट्वाइटांचं तिरपं घर. लोक हसत येत आणि पोट धरून बाहेर पडत. आत पन्हळीतलं पाणी चढावर वाहायचं. चेंडू सोडला की तो वर जाऊन भिंतीला टेकायचा. दोन सख्ख्या बहिणींना जागा बदलायला लावली की धाकटी वीतभर उंच व्हायची. केरसुणी फरशीच्या मधोमध एकटी उभी राहायची. आणि या सगळ्यात आर्डिस, निळा एप्रन घालून, पुढे वाकून चालत, तेच वाक्य त्याच ठिकाणी म्हणायची: "मंडळी, इथं जमिनीखाली एक उल्का झोपली आहे. तिला उठवू नका."

उल्का नव्हती. एक जुनं धान्याचं कोठार होतं, जे एका वाऱ्यात कलंडलं. आर्डिसचं नुकतंच लग्न झालं होतं. ती डुकरं पाळणाऱ्या घरातली मुलगी, नवरा लॉवेल मक्याची यंत्रं दुरुस्त करणारा. कोठार पाडायला तो पहार घेऊन निघाला, तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली आणि बाईनं उतरून कोठाराचा फोटो घेतला. लॉवेल पहार खांद्यावर ठेवून बघत राहिला. मग पुढची काही वर्षं तो ते कोठार अजून थोडं, अजून थोडं कलंडवत राहिला. खुंट्या ठोकायचा, आत जाऊन उभा राहायचा, बाहेर यायचा, पुन्हा ठोकायचा. मोजमाप त्यानं कधी केलं नाही. एका संध्याकाळी आत जाऊन तो ओकला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "झालं."

लॉवेल गेल्यावरही आर्डिसनं घर चालवलं. मुलगा कर्टिस मिनिॲपोलिसला विमा कंपनीत होता. आईनं जवळ येऊन राहावं म्हणून तो तीन हिवाळे मागे लागला होता. त्यानं तिच्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत एक खोलीही बघून ठेवली होती. लिफ्ट होती, खाली दवाखाना होता, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसत होती. वादळानंतर हॉस्पिटलात दोघांचं ठरलं. मेअखेरीस, मेमोरियल डेच्या शनिवार ते सोमवारच्या सुट्टीत, नेहमीप्रमाणे घर उघडलं आणि लोक आले, तर तो विषय बंद. नाही उघडलं, तर ती त्याच्या गाडीत बसणार.

"शब्द देतेस?" कर्टिसनं विचारलं होतं.

"देते," आर्डिस म्हणाली होती. घर तेव्हा तिरपं होतं. घराचं तिला भय नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डेल्मरला शेजारच्या गावी गाडी न्यायला लावली. विलिस स्टकी एका उघड्या घराच्या वाशांवर बसला होता. तिला बघून तो शिडीवरून उतरला, हात पॅंटला पुसले.

"गळतंय का कुठं?"

"नाही. छप्पर छान आहे. ते मागचं घर." तिला शब्द सापडेनात. "ते तिरपंच होतं हो."

"होतंच. भयंकर."

"म्हणजे आधीपासून. मुद्दाम केलेलं. लोक बघायला येतात. पाटी होती, वाऱ्यात गेली."

"बघायला येतात. आणि त्यांना काय सांगता?"

"जमिनीखाली उल्का आहे म्हणून."

"आहे?"

"नाही हो."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तिला रागच परवडला असता. "मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "चूक माझी. परक्याच्या वस्तूला न विचारता हात लावला."

"पुन्हा करून द्याल का? होतं तसं?"

विलिसनं मागे पाहिलं. त्या घराच्या तळघरावर ताडपत्री ताणलेली होती. तिच्याखालून एक बाई बाळाला कडेवर घेऊन वर येत होती. आर्डिसला विचारण्याआधीच उत्तर माहीत होतं. तरी तिनं विचारलं होतं, आणि आता ते तिचं तिलाच लाजिरवाणं वाटलं.

"आणि बाई," विलिस म्हणाला, "ते आता सोपंही नाही. पाया ओतलाय. चारी बाजूंनी बोल्ट आहेत, भिंतीत आडवे पट्टे आहेत. पुढचं वादळ आलं तरी ते हलायचं नाही." एरवी हे तो अभिमानानं सांगत असणार. आता त्यानं ते मान खाली घालून सांगितलं.

गाडीत डेल्मर म्हणाला, "माझ्याकडे जॅक आहेत. ट्रॅक्टर आहे. बोल्ट कापता येतील."

"तू आपण होऊन बोललास?"

"मी नुसतं सांगितलं," डेल्मर म्हणाला.

सुट्टी जवळ आली होती. दोघांनी बोल्ट कापले. डेल्मरनं एका बाजूला जॅक लावले, आर्डिस लांब खुर्ची टाकून बसली आणि हातानं खुणा करू लागली. घर उचललं जाताना आतून लाकूड फाटल्याचे आवाज येत होते. दोन काचा फुटल्या. एकदा सबंध घर पायावरून सरकलं, आणि डेल्मर बाजूला उडी मारून पोटावर पडला.

"मेलास का?"

"अजून नाही."

"मग ठोक ती पाचर."

विलिसच्या माणसांनी इतकं मजबूत काम केलं होतं की घर वाकतच नव्हतं. ते एका तुकड्यात, पेटीसारखं, एका कोपऱ्यावर उभं राहिलं. शेवटी आर्डिसला वाटलं, बेत जमला. हाच कोन. डोळ्यांना ओळखीचा वाटला. ती काठी टेकत आत गेली, पन्हळीच्या तोंडाशी बादली नेली आणि पाणी ओतलं.

डेल्मर दारातून बघत होता. "खाली जातंय," तो म्हणाला.

"ते नेहमी खालीच जायचं, डेल्मर."

"पण दिसायचं वर."

तिनं पुन्हा ओतलं. पाणी खाली गेलं आणि खाली जाताना दिसलं. फरशी उतरती होती आणि उतरती दिसत होती. मग तिनं मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर माळ होता. डावीकडून उजवीकडे, मध्ये काहीही न येता, क्षितिजाची सरळ रेघ होती. ती तिथं पूर्वी कधी दिसली नव्हती, कारण तिथं देवदारांच्या रांगा होत्या. वाऱ्याला आडोसा म्हणून लावल्यात, असं लॉवेल म्हणायचा. दर शरदात तो शेंडे छाटायचा, रस्त्याकडचे उंच, मग घराकडे येताना क्रमानं बुटके. तो गेल्यावर आर्डिस माणूस लावून तसेच छाटून घेत आली, का ते न विचारता. झाडांच्या त्या खोट्या क्षितिजाशेजारून चालत येताना माणसाच्या डोळ्यांतली पातळी आधीच बिघडायची. घरात पाऊल पडायच्या आत तो फसलेला असायचा.

झाडं वादळानं एका रात्रीत झोपवली होती. ओंडके कॅन्ससच्या लोकांनी रचून ठेवले होते, व्यवस्थित, लांबीप्रमाणे.

म्हणजे त्यांनी घर सरळ केलं नसतं तरी हेच झालं असतं. ही गोष्ट मनात येताच तिला विलिसला फोन करावासा वाटला आणि तेवढ्यात तो करवेनासाही झाला. इतके दिवस निदान चिडायला कोणीतरी होतं.

"झाडं लावायची?" डेल्मरनं विचारलं.

"किती वर्षांची लावतोस?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं. म्हणाला, "खिडक्या बंद करू. फळ्या आहेत."

त्यांनी खिडक्या बंद केल्या. आत अंधार झाला, दिवा लावला, तशी फरशी थोडी लबाडी करू लागली. थोडीच. डेल्मरला किंचित गरगरलं, किंवा गरगरल्यासारखं त्यानं केलं. आर्डिसनं नवी पाटी रंगवून घेतली. एप्रन धुवून इस्त्री केला.

शनिवारी सकाळी कर्टिस आला. त्यानं घराभोवती एक फेरी मारली, खिडक्यांच्या फळ्या बघितल्या, कापलेले बोल्ट बघितले. आईच्या हातचं, ओव्हनमधून काढलेलं बटाट्याचं हॉटडिश खाल्लं आणि पायरीवर बसून राहिला. दुपार झाली. पूर्वी या दिवशी गाड्या लावायला डेल्मरचं शेत उघडावं लागे.

मग एक गाडी वळली. नवरा, बायको, दोन मुलं, सूफॉल्सची माणसं. आर्डिस फाटकापर्यंत गेली, शक्य तितकी भरभर.

"या, या! मंडळी, चालताना नजर पुढच्याच्या टाचांवर ठेवा!"

बायको जागच्या जागी थांबली होती. समोर उघडा माळ, रचलेले ओंडके, फळ्या मारलेल्या खिडक्या, आणि पायावरून सरकून एका कोपऱ्यावर कलंडलेलं घर.

"अगं आई गं," ती नवऱ्याला म्हणाली आणि आर्डिसचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. "तुमच्याकडे कोणी आलं नाही का अजून? इतके दिवस झाले! कॅन्ससहून काही लोक आलेत म्हणे, फार चांगली माणसं आहेत. थांबा, मी नंबर मिळवते."

"ते असंच आहे," आर्डिस म्हणाली. "बघण्यासाठी. आत या ना."

"आत?" नवऱ्यानं मुलांच्या कॉलरी धरल्या. "नको, नको. अंगावर यायचं ते. तुम्हीही जाऊ नका, मावशी."

"आत पाणी वर वाहतं," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज चढला. "इथं जमिनीखाली उल्का आहे. चेंडू आहे माझ्याकडे, बघा, मुलांना देते. फुकट. पाच मिनिटं. पैसे नकोत मला, तुम्ही फक्त आत या."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग ती अगदी हळू आवाजात बोलू लागली, आजाऱ्याशी बोलतात तशी. "हो. नक्की. पुढच्या वेळी. तुमच्याजवळ कोणी आहे ना?"

कर्टिस पायरीवरून उठून आला होता. "मी मुलगा," तो म्हणाला.

"बरं झालं," बाई म्हणाली. जाताना तिनं गाडीतून सॅंडविचचा डबा काढून बळंच त्याच्या हातात दिला.

कर्टिस डबा धरून उभा राहिला. "आई," तो म्हणाला.

"उद्याचा दिवस आहे अजून. आणि सोमवार."

"आहे."

"मी सोमवारपर्यंत म्हटलं होतं."

"हो. सोमवारपर्यंत," कर्टिस म्हणाला आणि तिची बॅग कुठं असते ते बघायला घरात गेला.

आर्डिसनं एप्रनची गाठ पुन्हा बांधली. रस्त्यावर एक निळी गाडी हळू होत होती. ती काठी न घेताच फाटकाकडे निघाली, एक हात वर करून. गाडी आत वळली, खडीवर मागे-पुढे झाली, आणि तोंड फिरवून आली तिकडे निघून गेली.