मामांचा अभिप्राय

माझ्या बायकोच्या मामांना घरात बसून पाहिलेला एकही सिनेमा आजवर आवडलेला नाही, आणि या जन्मात आवडेल ही आशा आम्ही सगळ्यांनी केव्हाच सोडून दिली आहे. थिएटरात ते जात नाहीत, कारण तिथे सिनेमा थांबवता येत नाही. मामांना तो थांबवावा लागतो. चाकणच्या एका कंपनीत, जिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात, तिथल्या तपासणी खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली. केसाएवढा फरक असलेला दांडा ते नुसत्या हाताने ओळखून बाजूला काढायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. याच लोकांनी निरोपाच्या दिवशी त्यांना चालू कार्यक्रमही थांबवता आणि मागे नेता येईल असा भलामोठा टीव्ही भेट दिला. आपण अख्खं तपासणी खातंच संत तुकाराम नगरातल्या मामांच्या दोन खोल्यांत हलवतो आहोत, याची बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

शोकेसमध्ये वर बुद्धमूर्ती, तिच्याखाली टीव्ही आणि समोर लाकडी खुर्चीत ताठ बसलेले मामा. सोफ्यावर ते बसत नाहीत, सोफ्यावर लक्ष ढिलं पडतं म्हणे. पहिल्या दहा मिनिटांत पहिली चूक सापडते. नायिकेच्या हातातला अर्धा पेला पुढच्या क्षणी काठोकाठ कसा भरला? सासू झोपेतून उठली ती नथीसकट कशी? एकदा आम्ही कोकणातल्या खेड्यातली एक फार करुण गोष्ट बघत होतो. म्हातारा बाप मुलाची वाट बघत बांधावर बसला होता, माझ्या बायकोचा रुमाल डोळ्यांपर्यंत पोचला होता, आणि मामांनी चित्र थांबवलं. उठून पडद्याजवळ गेले, म्हाताऱ्याच्या डोक्यामागे बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "ही आपल्या इथल्या मोशीतली पाण्याची टाकी आहे. हिच्या मागच्या बिल्डिंगमध्ये माझा साडू राहतो." त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, कारण साडूच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद का असते हा विषय जेवणापर्यंत पुरला.

बरं, त्यांच्या घरी गेलं नाही म्हणून सुटका होती असंही नाही. मालिकांच्या पाहिलेल्या प्रत्येक भागाचा अभिप्राय ते आवाजी निरोप करून घरच्या ग्रुपवर टाकत. "नमस्कार. काल जो भाग झाला त्याविषयी," अशी सुरुवात, आणि मग बावीस मिनिटांच्या भागावर चौदा मिनिटं. हिंजवडीच्या कोंडीत कंपनीची कॅब मुंगीच्या पावलांनी सरकत असताना मी ते ऐकायचो आणि न पाहिलेल्या मालिकांबद्दलही निराश होऊन ऑफिसात पोचायचो. मामींनी त्यांच्यासमोर मालिका बघणंच सोडलं. त्या स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून, आवाज बारीक करून बघायच्या, लपूनछपून तंबाखूची चिमूट तोंडात टाकावी तशा. मी एकदा वैतागून विचारलं, "मामा, काहीच आवडत नाही तर बघता कशाला?" त्यांना माझ्या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं. म्हणाले, "न बघता पुढं कसं जाऊ द्यायचं?"

अशा माणसाच्या मुलीने नटी व्हायचं ठरवलं. प्राची त्यांची एकुलती एक. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून ती मुंबईला एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. मामांनी अडवलं नाही, नोकरी तुझी, निर्णय तुझा, एवढंच म्हणाले. सात-आठ महिने ती इकडेतिकडे ऑडिशन देत फिरली आणि शेवटी एका मालिकेत तिला नर्सचं काम मिळालं. संध्याकाळी साडेसातला ती पहिल्यांदा दिसणार होती. त्या दिवसासाठी ती घरी आली. मामींनी पुरणपोळ्या केल्या, शेजारपाजारचे आले, आम्ही आलो. मी आदल्या दिवशीच मामांना फोन करून बजावलं होतं की उद्या काहीही दिसलं तरी 'छान' एवढंच म्हणायचं. "एकच शब्द ना? म्हणेन की," असं ते म्हणालेही होते. मामी मला नंतर म्हणाल्या, दाढी करताना आरशासमोर दोनदा म्हणून बघत होते.

प्राची पडद्यावर आली, पेशंटची नाडी पाहिली, चार वाक्यं बोलली आणि गेली. घरात टाळ्यांचा कडकडाट झाला. मग हळूहळू सगळ्या माना लाकडी खुर्चीकडे वळल्या. मामा घसा खाकरून "छान," म्हणाले. तिथे थांबले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हात रिमोटकडे गेला, चित्र मागे गेलं आणि प्राचीच्या हातावर येऊन थांबलं. "फक्त एक आहे," मामा म्हणाले. "नाडी अंगठ्यानं बघत नाहीत. बोटांनी बघतात. अंगठ्याला आपलीच नाडी लागते."

प्राचीने विचारलं, "अजून?"

तो प्रश्न नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मामांना वाटलं, पोरगी शिकायला तयार आहे. ते सांगत गेले. वाक्य पाठ केल्यासारखं येतं, दार उघडायच्या आधीच नजर आत जाते, पेशंटकडे बघायचं सोडून कॅमेऱ्याकडे बघतेस. मी खोकलो, मामींनी पोळ्यांचं ताट मध्ये आणलं, काही उपयोग झाला नाही. प्राची सगळं ऐकून उठली आणि म्हणाली, "पप्पा, आजच्या दिवस नुसतं बघायचं होतं." त्याच रात्रीच्या गाडीने ती मुंबईला परत गेली.

यानंतर मामांनी जे केलं त्याने मी कपाळाला हात लावला. तिचा फोन येईना तेव्हा ते जवळच्या एका दवाखान्यात जाऊन बसले, तिथल्या एका नर्सबाईंना विनवण्या करून स्वतःच्या मनगटावर नाडी बघायला लावली आणि त्याचा व्हिडिओ काढून मुलीला पाठवला. खाली लिहिलं, 'पुढच्या वेळी उपयोगी पडेल.' ही त्यांची माफी होती. प्राचीने व्हिडिओ पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. आणि पुढची वेळही आली नाही. दोन आठवड्यांनी मालिकेतल्या डॉक्टरने, "सिस्टर गावी गेल्या," असं एक वाक्य टाकलं आणि नवी नर्स आली. मामा खुर्चीतच होते. ते वाक्य त्यांनी ऐकलं, टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. ग्रुपवर त्या भागाचा अभिप्राय आला नाही. नंतर कुठल्याच भागाचा आला नाही.

वर्षभराने प्राची परत आली आणि पुन्हा हिंजवडीत नोकरीला लागली. काम मिळेना, एवढंच कारण, पप्पांचा काही संबंध नाही, असं ती मला स्वतः म्हणाली, आणि ते खरंही असावं. मामांना ते पटत नाही. तीस वर्षांत चांगला माल एकदाही फेकला नाही, हे एकदा बोलता बोलता ते म्हणाले. बापलेक एकमेकांशी फार नीट वागतात. चहा घेता का, छत्री घेतली का, इतपत. घरात टीव्ही चालू असतो, मामी आता बाहेरच्या खोलीत बसून मोठ्या आवाजात बघतात, आणि कुणालाही पूर्वीइतकी मजा येत नाही.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही गेलो होतो. कुठलासा सिनेमा लागला होता. नवखा पोरगेला नट लेथवर काम करत होता आणि त्याच्या गळ्यातला मफलर फिरत्या यंत्राच्या अगदी वर लोंबत होता. मलासुद्धा ते दिसलं. मी मामांकडे बघितलं. रिमोट त्यांच्या मांडीवरच होता. न राहवून मीच म्हणालो, "मामा, मफलर बघितला का?"

"असू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "मनापासून करतोय बिचारा."

कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेल्या प्राचीने मान वर केली. कितीतरी वेळ ती वडिलांकडे बघत राहिली. मामा पडद्याकडे बघत होते. त्यांना ते दिसलं नाही.