बाई आणि माझी नवी प्रजाती

माणूस पहिल्यांदा भेटला की बाई त्याचं नाव विचारायच्या नाहीत. आधी चष्मा कपाळावर सारून त्याला नीट न्याहाळायच्या. धंद्याची सवय, दुसरं काय! मुरबाडच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात विहिरींच्या तळाशी निघणाऱ्या काळ्या चिखलातून बुरशीचे हजारो वर्षांपूर्वीचे बीजाणू शोधत. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, धुळीच्या कणाएवढं. बुरशी केव्हाच मातीला मिळालेली, बी तेवढं टिकलेलं. गावात त्यांना 'बुरशीबाई' म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

"ही सगळी बिनआईबापाची पोरं," त्या म्हणायच्या. "कुणाची ते कळायला मार्ग नाही. म्हणून रूपावरून नाव द्यायचं. पेशी किती, भिंत केवढी, तोंडं किती, एवढं बघ. बाकीचं शहाणपण घरी ठेव."

घरी ठेवायला ते होतं कुठं माझ्याकडे? नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो, म्हणजे करत असल्याचं सांगत होतो. एखादा बीजाणू बघून बाईंनी 'नवी प्रजाती' म्हणावं आणि तिला माझं नाव लागावं, एवढा एकच ध्यास. आणि एका हिवाळ्यात तो सापडला! गोल, हिरवट, अंगानं खरबरीत. बाईंना दाखवायच्या आधीच मी धसईला घरी जाऊन डंका पिटला. वडिलांनी भर बाजारात सांगितलं, पोराच्या नावानं बुरशी निघाली. आई तेवढी हिरमुसली.

"नाव लावायचं तं भाताच्या वाणाला लाव," ती म्हणाली. "बुरशीला कशाला रे? लोकं काय म्हणतील?"

बाईंनी बीजाणू बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, चिखल वाळवलास कुठं? कॉलेजात ऊन येत नाही म्हणून मी तो घरच्या खळ्यावर सुपात वाळवला होता. शेजारी भाताची झोडणी चालली होती. हेही मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. रविवारी बाई एसटीनं धसईला हजर. माझं अभिनंदन करायला आल्या असं समजून वडिलांनी नवी टोपी घातली. बाईंनी पर्समधून कोरी काचपट्टी काढली, तिला व्हॅसलीन चोपडलं, झोडणीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि निवांत जेवायला बसल्या. भाकरी आणि वालाचं बिरडं मागून घेऊन खाल्लं, पट्टी डबीत घातली आणि परत गेल्या.

सोमवारी मायक्रोस्कोपखाली त्या पट्टीवर माझी नवी प्रजाती सहकुटुंब सहपरिवार बसली होती. त्या साली आमच्या भाताच्या लोंब्यांवर काजळी, म्हणजे हिरवट बुरशी, पडली होती, तिचेच ते बीजाणू.

"तुझा पूर्वज गेल्या महिन्यात जन्मलाय रे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला चहा पाजला. वडील मात्र बरेच दिवस बाजार टाळून मागच्या वाटेनं जात.

पदवी मिळाली, पण प्रजातीशिवाय. पुढं शहापूरला मास्तरकी करताना मी बाईंना अधूनमधून नवनवे बीजाणू दाखवत राहिलो. त्यांचा प्रश्न ठरलेला, "शेजारी कोरी काच ठेवली होतीस का?" 'नवी' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

निवृत्तीनंतर बाई आसनगावला भाचीकडे राहायला गेल्या आणि हळूहळू माणसं विसरू लागल्या. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा भाची म्हणाली, ओळखणार नाही हो, वाईट वाटून घेऊ नका. मी आपला समोर बसून शाळेतल्या, घरातल्या गोष्टी बडबडत राहिलो. बाईंनी चष्मा कपाळावर सारला. बराच वेळ न्याहाळलं.

"एकपेशी," त्या हळूच म्हणाल्या. "भिंत जाड. तोंड एकच, पण सारखं उघडं."

मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. अजून जवळ वाकून त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"असला याआधी कधी पाहिला नाही," त्या भाचीला म्हणाल्या. "नवी प्रजाती आहे."

ज्या शब्दांसाठी उभी हयात बाईंच्या मागं लागलो, ते अखेर मिळाले, आणि मला रडू आवरेना.