समुद्रकाठचे माझे नऊ दिवस

मला समुद्र फार आवडतो, हे समुद्र बघायच्या कितीतरी आधीपासून मला ठाऊक होतं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे दुधनेच्या धरणातलं, आणि तेही ज्या वर्षी धरणाच्या मनात येईल त्या वर्षी. पण आवड ती आवड!

वालूरला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीत, बोअरमध्ये जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. डोक्यावर पत्रा आणि बाहेर मे महिना असला की आत बसलेला माणूस आणि जळालेली मोटार यांत फरक एवढाच, की मोटार घामेजत नाही. अशाच एका दुपारी मोबाईलवर व्हिडिओ आला. कोकणातलं कौलारू घर, ओसरीवर झोपाळा, झोपाळ्यावर एक माणूस आणि मागे समुद्र. त्या माणसाला काहीही काम नव्हतं. तो मला फार आवडला.

दसऱ्यापर्यंत मी दुसरं काही पाहिलंच नाही. मग एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "आपण कोकणात ऱ्हायला जायचं."

आईनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "कोन मेलं तिथं?"

"कोनी न्हाई मेलं, आई."

"मग कामून जायचं?"

(आई बहात्तर वर्षांची. जिल्ह्याबाहेर ती आजवर फक्त कुणाच्या तरी मातीला गेलेली. तिचा प्रश्न तिच्या हिशोबानं बरोबरच होता.)

माझी बायको सुनिता म्हणाली, "आत्याबाई, तुमी जेवा. मागच्या साली ह्यांना काश्मीर लागलं व्हतं, ते पंधरा दिवसांत उतरलं. हे बी उतरंल."

उतरलं असतं. पण सकाळी माणिकरावाच्या हॉटेलात चहा पिताना मी बोलून गेलो, "दोन महिने जाऊन बघतो. जमलं तर तिथंच." दुपारपर्यंत गावात त्याचं 'कायमचा चाललाय' झालं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आमचं घर बघायला आले! त्यांनी सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या, मोरी चुकीच्या दिशेला आहे म्हणाले आणि सुनिताच्या हातचा चहा पिऊन गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी आमचा पाटा-वरवंटा बोलून ठेवला. "तुमी गेल्यावर न्हेते, घाई न्हाई," असं वर मोठ्या मनानं सांगितलं. आता माघार घ्यायची तर गाव सोडावं लागलं असतं. आणि गाव तर मी आधीच सोडत होतो!

दुकान चुलतभावाच्या हवाली केलं. फोनाफोनी करून मालवणच्या बाजूला सुलभाकाकू नावाच्या बाईंच्या घरातल्या दोन खोल्या ठरवल्या. निघायच्या दिवशी हॉटेलासमोर माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ. (नारळ घेऊन कोकणात राहायला जाणारा पहिला माणूस मीच असणार.) माणिकराव गहिवरून बोलले, "आपला दत्ता लय दूर चाललाय. आता गाठ पडंल न पडंल..."

"मेल्यावानी कामून बोलायलास रे?" आई जीपमधून ओरडली.

हो, आई आमच्यासोबत होती. "मला एकटीला इथं टाकून जायलास का?" म्हणाली आणि ज्वारीच्या पिठाचं पोतं, ठेच्याची बरणी आणि काठवट घेऊन जीपमध्ये आमच्या आधी जाऊन बसली. सबंध प्रवासात ती एकच वाक्य बोलली. "भात खाऊ खाऊ मरते आता मी." ते मात्र ती दर स्टेशनावर बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसला आणि मला भरून आलं. आई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिलाही भरून आलंय.

"एवढं पानी, आन् एक बी मोटर बसवलेली न्हाई?"

"आई, खारं हाय ते."

"मग इतकं कशाला ठिवलंय?"

पहिल्या रात्री कळलं, की समुद्र रात्रीही चालू असतो. व्हिडिओत आवाज कमी करता येतो, इथं तशी सोय नव्हती. गावात आमच्याकडे पाण्याचा आवाज आला की कुणाचा तरी नळ उघडा राहिलाय असं समजून माणूस उठतो. मी रात्रभर उठत होतो! दुसऱ्या दिवशी पापड नरम पडले. तिसऱ्या दिवशी माझा कातडी पट्टा बुरशीनं हिरवा झाला. उकाड्याला कंटाळून आलो होतो, तर इथला उकाडा ओला. आमचं ऊन माणसाला वाळवतं, हे उकडून काढत होतं. झोपाळ्यावर बसून पाहिलं. दहा मिनिटांनी काय करायचं ते समजेना, आणि विसाव्या मिनिटाला मळमळायला लागलं.

"बरं हाय का इथं?" सुनितानं फार गोड आवाजात विचारलं.

"लय भारी!" मी म्हणालो आणि शिंकलो.

पाचव्या दिवशी माणिकरावाचा फोन आला. "समुद्रात शिरलास का न्हाई? गावाला दाखव की!" झालं! मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, मोबाईल उंच धरला आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो. (समुद्राकडे पाठ करू नये हे तिथल्या लहान लेकरालाही माहीत असतं, हे मला नंतर तिथल्या लहान लेकरानंच सांगितलं.) "रामराम मंडळी," एवढं बोललो आणि मागून लाट आली. मोबाईल गेला, चष्मा गेला, पायजम्याची नाडी सुटली. मी पायजमा एका हातानं आणि जीव दुसऱ्या हातानं धरून गडगडायला लागलो.

सुलभाकाकूंनी ते दारातून पाहिलं आणि घरात आईकडे ओरडत गेल्या, "शेवंताबाय, धावा! तुमचो झील दर्यात पडलो!"

झील म्हणजे मुलगा. ते आमच्या आईला कुठून माहीत! ती चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "झील? आमच्या गावात झील न्हाई बाई, बारव हाय."

"अहो, तुमचो झील!"

"न्हाई हो. तळं बी न्हाई. बारव हाय, दगडाची. लय जुनी."

वालूरच्या बारवेला पायऱ्या कशा आहेत, हे आई समजावून सांगत होती तोवर एका मासे विकणाऱ्या मावशीनं मला बखोट धरून बाहेर ओढलं. वाळूत बसवलं आणि विचारलं, "खंयसून इलास?" मी म्हणालो, "परभणी." त्या म्हणाल्या, "मगे बरोबर."

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, घरी जायचं. पण सत्कार घेऊन आलेल्या माणसानं परत कोणत्या तोंडानं जावं? विचार करून करून मला एक निमित्त सापडलं. आई! सुनिताच्या फोनवरून मी माणिकरावाला कळवून टाकलं, "आईचं मन रमंना इथं. रडायलीय नुसती. म्हातारं माणूस, काय करावं? यावं लागंल."

"आईसाठी एवढं करायलास, धन्य हाय बाबा तुझी!" माणिकराव म्हणाले. गावभर माझी वाहवा झाली. मी आठव्या दिवशी आईला सांगितलं, "आई, सामान बांध. उद्या गाडी हाय."

"कुठं?"

"वालूरला."

"तुमी जावा. मी न्हाई येत."

मला वाटलं, लाटेचं पाणी अजून कानात आहे. पण माझं लक्ष पायजमा सांभाळण्यात असताना आईनं तिथं बरंच काही केलं होतं. सुलभाकाकूंचे दोन्ही मुलगे मुंबईला, मोठ्या घरात त्या एकट्या. आईनं त्यांना ज्वारीची भाकरी शिकवली होती, त्यांनी आईला सुरमई खिलवली होती. सकाळी दोघी मिळून मासळी आणायला जायच्या आणि आई तिथं असा भाव पाडायची, की मावश्या तिला बघितल्यावर टोपलीवर फडकं टाकायच्या!

"आई, तू तर भात खाऊन मरते म्हनत व्हतीस."

"न्हाई मेले की. आता काय करू?"

"आगं, पन घर तिकडं हाय आपलं!"

आईनं परात खाली ठेवली. "दत्त्या, सोळाव्या साली मला वालूरला आनून घातलं. तुला कुठं ऱ्हायचंय, असं कुनी इचारलं व्हतं का मला? आज पहिल्यांदा मला एक जागा आवडलीय. तू जा बाबा, तुला पानी सोसत न्हाई."

सुनिता खाली बघून हसत होती, आणि डोळेही पुसत होती. सुलभाकाकू म्हणाल्या, "रवांदे ओ. माका पण सोबत."

तर नवव्या दिवशी आम्ही दोघं निघालो आणि दहाव्या दिवशी वालूरच्या स्टँडवर उतरलो. समोर माणिकरावांसह निम्मं गाव उभं! 'आईचं मन लागेना म्हणून सगळं सोडून आलेला मुलगा' बघायला जमलेलं. माणिकरावांनी पुढं येऊन जीपमध्ये वाकून पाहिलं. मग जीपच्या मागे जाऊन पाहिलं.

"आई कुठंय?"

"ती... तिकडंच ऱ्हायली."

"जी रडायली, ती तिकडंच? आन् तू हिकडं?"

बायका तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला समुद्रापाशी सोडून आला!" शेवटी सुनितानं घाईघाईनं सुलभाकाकूंना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आई आली. तोंडात घास, मागे समुद्र. माणिकराव ओरडले, "मावशी, बरं हाय ना? रडायलात म्हनं तुमी?"

"मी? मी कामून रडू? रडू रडू तर ह्यो बेजार झाला व्हता! बुडता बुडता वाचलाय. त्याला आठ दिवस आंघोळीला बी तांब्यानंच पानी घेऊ द्या."

गावानं त्या दिवशी जेवणं उशिरा केली. हसायलाच वेळ पुरला नाही.

आई आजही तिकडेच आहे. यायचं नाव काढत नाही. सणाला मीच पिशवी भरून निघतो, चार दिवस राहतो, आई माझ्या आवडीचं करून घालते, निघताना डोळ्यांत पाणी आणते आणि डब्यात काहीबाही बांधून देते. आमच्या गावातल्या बायका दिवाळीला माहेरी जातात, ते ठीकच आहे. बाप्यांमध्ये मात्र माहेरी जाणारा मी एकटाच!