सत्त्याऐंशीव्या पानावरची ओळ

रहिमतपुरात आमच्या आळीत बातमी फुटली, की नानासो कंपोझिटरचं डोकं फिरलं. आठ महिने म्हातारा कॉम्प्युटरवर एकच पान उघडून बसलाय, सत्त्याऐंशीवं. शेजारच्या अर्जुनानं त्यात भर घातली, की त्याला आता अक्षरं उलटी दिसतात. तेवढं खरं होतं म्हणा. जन्मभर उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेल्या माणसाला उलटं वाचायची सवयच असते. पण डोकं शाबूत होतं. अडलं होतं ते एका ओळीपायी.

छापखाना बंद पडला तेव्हा नानासो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला मोजायचा. त्याची लेक अपेक्षा सांगलीला कॉलेजात गणित शिकवायची. तिनं बापाला गणिताची पुस्तकं कॉम्प्युटरवर जुळवायला शिकवलं. कंस, अपूर्णांक, आकृत्या, सगळं खुणांनी लिहायचं. पान मशीन लावतं. आणि ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह टाकलं, की त्यापुढचं काही छापलं जात नाही. ते फक्त काम करणाऱ्यानं वाचायचं.

झालं! बापलेकीला गप्पा मारायला जागाच सापडली. ती सांगलीहून फाईल तपासायची आणि टक्क्याच्या आडून बापाला चिमटे काढायची. ‘आबा, कंस मिटवा. दार सताड उघडं टाकून गेल्यागत दिसतंय.’ ‘आबा, आधी चष्मा पुसा.’ नानासो एकटाच खुदुखुदु हसायचा आणि त्याची बायको सुलाबाई आतून विचारायची, "आवं, गणितात हसण्यासारखं काय हाय?"

पण गडी पडला हाडाचा कंपोझिटर. छापखान्यात शिस्त होती: दुरुस्ती झाली, की प्रुफावरची खूण खोडायची, नाहीतर तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा होते. तीच शिस्त त्यानं इथं लावली. लेकीनं सांगितलेलं काम करायचं आणि तिची ओळ पुसायची. अकरा पुस्तकं त्यानं अशी लख्ख करून दिली.

गेल्या पावसाळ्यात अपेक्षाला ताप आला. चार दिवसांत सगळं संपलं.

दिवसकार्य झाल्यावर नानासोनं कॉम्प्युटर लावला. लेकीचं काहीतरी वाचायचं होतं. पहिलं पुस्तक उघडलं, काही नाही. दुसरं, काही नाही. अकराच्या अकरा कोरी. स्वतःच्या बोटांनी पुसलेली. बाराव्यात, तिनं स्वतः लिहिलेल्या भूमितीच्या पुस्तकात, सत्त्याऐंशीव्या पानावर एक ओळ राहून गेलेली. कारण ते काम राहून गेलं होतं.

‘आबा, आकृतीतला क बिंदू सरकलाय. नीट करा. शनिवारी आल्यावर बघते.’

दोन मिनिटांचं काम. पण ते केलं, की ओळ पुसायची पाळी. म्हणून आठ महिने तो बिंदू चुकीच्या जागी बसून होता, आणि त्याच्यासमोर नानासो.

शेवटी सांगलीहून प्रकाशक विश्वजितचा फोन आला. "नाना, मी घाई करत नाही. पण पुस्तक ताईंचं हाय. चुकलेल्या आकृतीपायी अडलंय म्हणून कळलं असतं, तर ताई काय म्हणाल्या असत्या?"

नानासोनं फोन ठेवला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसतच राहिला. मग सरसावून बसला आणि बिंदू जागेवर आणला. आकृती बरोबर झाली. फाईल सांगलीला गेली.

हे सगळं उंबऱ्यात बसून अर्जुना बघत होता. आळीला सांगायला काहीतरी हवं म्हणून आला होता. आकृती सुधारली तरी ओळ जागच्या जागी बघून त्याच्यानं राहवलं नाही.

"नानासो, काम झालं न्हवं? मग खूण का पुसंनास गड्या? तुझीच शिस्त हाय की रं!"

नानासोनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"माझं काम झालंय. पर शनिवारी आल्यावर बघते, आसं लिवलंय तिनं. तिनं आजून कुठं बघितलंय?"