काळा दोरा, पांढरा दोरा

आमच्या घरमालकांइतका संशयी माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल, आणि असलाच, तर त्याच्यावर आमच्या घरमालकांना संशय असणार, हे नक्की. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ त्यांचं घर होतं. जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासून ते निवृत्त झाले होते. पण नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. दूधवाला, पोस्टमन, फाटकाशी उभी राहणारी गाय, सगळी विनातिकीट चढलेली आहेत असंच ते बघायचे. संत्री घेताना वरचं नको, खालचं दे म्हणायचे, आणि खालचं हातात आलं की विचारायचे, "हे काहून लपवून ठेवलं होतं?" मी त्यांचा भाडेकरू, त्यांना काका म्हणायचो. मौद्याकडच्या खेड्यातला, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. पहिल्या दिवशी त्यांनी माझी पेटी उचलून पाहिली आणि "हलकी आहे" एवढंच म्हणाले. हे चांगलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

या माणसाचा जीव एका काचेच्या टाकीत होता. कुठल्याशा मासिकात त्यांनी समुद्रातल्या पोवळ्यांचं रंगीत चित्र पाहिलं होतं. नागपुरात समुद्र आणायचा कुठून? म्हणून गोड्या पाण्यातच त्यांनी तसली बाग करायला घेतली. पाण्यात वाढणारं नेचं आणि शेवाळ यांचे ते कोऱ्या ब्लेडने लहान लहान तुकडे करत, एकेक तुकडा दगडावर बसवत आणि काळ्या दोऱ्याने बांधत. काही आठवड्यांत तुकडा आपणच दगडाला धरतो, मग दोरा काढून टाकायचा. हे सगळं दार लावून चालायचं, कारण गल्लीतले लोक आपली विद्या चोरतील अशी त्यांना खात्री होती. नळाच्या पाण्यावर भरवसा नाही म्हणून ते आधी बादलीत नजरकैदेत राही. नवा मासा बरणीत ठेवून ते त्याच्याकडे टक लावून बसत. "तोंडावरून गरीब दिसते, पण पानं खाणाराच आहे हा." एकदा सकाळी माझ्या दारात एक तुटकं पान घेऊन उभे राहिले. "हे ओळखतोस का?" मी नाही म्हणालो. "मंग घाम काहून येऊन राहिला?" मला घाम आला होता हे खरं, पण तो मे महिना होता.

पुढच्या थंडीत माझी माय तांदळाची थैली घेऊन पहिल्यांदाच मला भेटायला आली. हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेली आणि तिथेच थबकली. ओट्यावर परातीत काळा दोरा गुंडाळलेले दगड होते आणि शेजारी अर्धी कापलेली लिंबं. टाकीच्या काचेवरचे पांढरे डाग काढायला काका लिंबू वापरत. पण हे तिला कोण सांगणार? तिने दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू एवढा काहून वाळला गा?"

मी वाळलो होतो तो माझ्याच हातचा भात खाऊन. ते सांगेपर्यंत माय म्हणाली, "सामान बांध. या घरात राह्याचं नाही. हा माणूस कोणावर तरी करणी करून राहिला."

वसतिगृहात जागा नव्हती, शहरात ओळखीचं कोणी नव्हतं. खोली गेली की कॉलेज गेलं. मी "माय, ऐक तं" म्हणत होतो आणि ती माझी सतरंजी गुंडाळत होती.

एवढ्यात काकांचं दार उघडलं. ते नेहमीच दाराआड कान देऊन असत. त्या दिवशी त्यांचे मी मनातून आभार मानले. "या बाई," ते म्हणाले. "पाहा. हात नका लावू."

ज्या खोलीत गल्लीतल्या कोणालाही प्रवेश नव्हता, तिथे माझी माय जमिनीवर बसली. काकांनी तिच्यासमोर एक तुकडा कापला, दगडावर ठेवला, दोरा गुंडाळला.

"माती नाही, काही नाही, मंग हे जगते कसं, भाऊ?"

"दगडालेच धरते ते. दोरा तोवरच."

"पण काळाच काहून?"

"पाण्यात दिसत नाही म्हणून."

"जे दिसत नाही, त्याचाच तं भेव लागते," माय म्हणाली.

यावर काकांनी काळं रीळ उचलून उजेडात धरलं. मायने सतरंजी सोडली, पण एसटीत चढताना तिने मला बजावलं, "मी येतो पुन्हा. कधी येईन, सांगणार नाही."

परत आल्यावर मी ते काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलं. बांधलेला प्रत्येक दगड त्यांनी सोडवला आणि पुन्हा बांधला. हिरव्या पाण्यात ते पांढरे पट्टे बँडेजसारखे दिसत. "तुझ्या मायपायी माझ्या टाकीचा दवाखाना झाला," म्हणून महिनाभर ते माझ्यावर चिडत होते; पण काळं रीळ काही परत निघालं नाही. मी त्याच खोलीत राहून पदवीधर झालो.

नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांना भेटायला गेलो. माझी खोली रिकामीच होती. माझ्यानंतर भरवशाचा कोणी सापडला नाही म्हणे. काका खिडकीशी दगड बांधत बसले होते. दोरा पांढराच.

"काका, अजून पांढरा?"

"तुझी माय केव्हा येऊन उभी राहीन, काही सांगता येते का?"

गुडघ्यांमुळे माय आताशा गावाबाहेर पडतच नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तसंही त्यांचा विश्वास बसला नसता. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.