दोरीवरच्या दोन पट्ट्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला, वक्त्यांनी मला सचोटीचा माणूस म्हटले, तेव्हाही मी मान खाली घालून ऐकत राहिलो. लोकांना तो विनय वाटला. मन हलके करावे म्हणून हे लिहीत नाही. तो अधिकार मला नाही.

एकोणीसशे साठचे दशक संपत आले होते. शिळफाट्यापासून मैलभरावर केशतेलाचा एक कारखाना होता. त्या तेलाचा सुगंध रचण्याचे काम माझ्याकडे होते. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी. हाताखाली एकच माणूस — गंगाराम. कुंभिवलीचा. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारलेला. शिक्षण सातवीपर्यंत. काम, काट्यावर वजन करून तेले मिसळण्याचे.

सुगंध कसा रचतात ते आधी सांगायला हवे. त्यावाचून माझा अपराध कळणार नाही. चांगला सुगंध थरांचा असतो. वर लिंबू, संत्र्याची साल — बाटली उघडताच नाकात शिरतात आणि पाव तासात उडून जातात. त्यांच्याखाली गुलाब, मोगरा — ते तास-दोन तास टिकतात. आणि तळाशी चंदन, वाळा. सुरुवातीला ते जवळजवळ जाणवतही नाहीत. पण वरच्यांना धरून ठेवतात, आणि बाकी सगळे गेल्यावर मागे राहतात. म्हणून टिपकागदाची पट्टी सुगंधात बुडवून आम्ही दोरीवर अडकवत असू. ती लगेच हुंगायची, तासाने हुंगायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगायची. प्रत्येक पट्टीवर मापे आणि तारीख माझ्या अक्षरात असत.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. गंगारामला ते नाकाने कळत होते. 'साहेब, लिंबू म्हंजे पावना,' तो म्हणे. 'च्या पिऊन जातो. घरात ऱ्हातो तो वाळा. तो वाढवा जरा.' मी हसत नसे. हाताखालच्या माणसाचे बोलणे आपल्या पुस्तकापेक्षा नेमके असावे, हे मला सहन होत नसे.

कारखान्याचे शेठ मुंबईहून येत. त्यांची परीक्षा एका श्वासाची. पट्टी बुडवली, हुंगली, निकाल दिला. माझे दोन सुगंध त्यांनी तसेच नाकारले. वास मेलेला आहे, ताजेपणा कुठे आहे, असे दोन्ही वेळा चारचौघांत म्हणाले. तिसऱ्या वेळी मी चंदन पाव हिश्शावर आणले, वाळा जवळजवळ काढून टाकला आणि लिंबू वाढवले. शेठ खूश झाले. तो सुगंध पाव तासाचा आहे, हे मला माहीत नव्हते का? होते. पहिल्या दिवसापासून होते.

तेलाच्या बाटलीवर चंदनाच्या खोडाचे चित्र होते; चंदन कमी केलेले शेठना चालले नसते. म्हणून मी नोंदवहीतली मापे बदलली नाहीत, शेठना सांगितलेही नाही. भांडारातून चंदनतेल जुन्या मापानेच येत राहिले. जे उरेल ते पत्र्याच्या डब्यात ओतून काट्यामागे ठेव, असे मी गंगारामला सांगितले. त्याने ठेवले. एकदाच म्हणाला, 'उद्याच्याला ही पट्टी हुंगा, साहेब. नुसता कागद ऱ्हाईल.' आणि जुन्या मापाची व नव्या मापाची, अशा दोन पट्ट्या त्याने दोरीवर शेजारी शेजारी लावल्या. नवी दुसऱ्या दिवशी खरोखरच कागद झाली. जुनी महिन्यानंतरही दरवळत होती. मी रोज त्यांच्याखालून जात-येत होतो.

तक्रारी आल्या. बायका सकाळी तेल लावत. दुपारी सुगंध गेलेला, डोक्याला नुसता तेलाचा वास. दुकानदारांनी खोकी परत पाठवली. शेठ चौकशीला आले, भांडारपालाला घेऊन थेट वजनाच्या खोलीत शिरले. काट्यामागचा डबा त्यांनीच ओढून काढला. झाकण उघडताच खोली चंदनाने भरली.

भांडारपाल हळूच म्हणाला, 'या लोकांना किती जवळ घ्यायचं याला मर्यादा असते, शेठ.'

गंगाराम शांतपणे म्हणाला, 'साहेबांनीच ठेवाय सांगितलंय.'

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो.

निदान मनाशी मी आजवर असेच म्हणत आलो — गप्प राहिलो. गप्प राहणारा भित्रा ठरतो, आणि भित्र्याची लोक कीव तरी करतात. पण ते खोटे आहे. मी गप्प राहिलो नाही. मी म्हणालो, 'मी असं कशाला सांगेन?' आवाज चढला नाही, थरथरला नाही. वर्गात एखाद्या शंकेला उत्तर द्यावे तसा बोललो.

शेठनी गंगारामला विचारले, साहेबांनी सांगितल्याचा पुरावा काय? त्याने दोरीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. दोरी रिकामी होती.

इथे थांबलो तर पुन्हा खोटे बोललो असे होईल. दोरी रिकामी का होती?

शेठ येणार असल्याचा निरोप आदल्या दिवशीच आला होता. जेवणाच्या सुट्टीत, गंगाराम बाहेर झाडाखाली भाकरी खात असताना, मी दार लावून घेतले आणि दोन्ही पट्ट्या उतरवल्या. नव्या पट्टीवर, माझ्या अक्षरात, तारखेसह लिहिलेले होते — चंदन पाव. स्पिरिटचा दिवा पेटवला. ती पट्टी साध्या कागदासारखी जळली. दुसरी जळताना मात्र असा वास सुटला की मला दोन्ही खिडक्या उघडाव्या लागल्या. तो वेळेत जाईल असे मी धरून चाललो. चंदन किती वेळ राहते हे मला कुणी शिकवायला हवे होते का?

गंगाराम परत आला आणि उंबऱ्यावर थांबला. हुंगले. वर पाहिले. मग आत येऊन काट्यासमोर बसला. संध्याकाळपर्यंत त्याने काम केले. एकही वजन चुकले नाही. डबा त्याच्या समोर, काट्यामागेच होता. घरी नेता आला असता, ओढ्यात ओतता आला असता, निदान भांडाराच्या दाराशी ठेवून येता आला असता. चोर असता तर यातले काहीतरी केले असते. त्याने डबा होता तिथेच राहू दिला — मी सांगितले होते तिथे. मी शेठसमोर खरे बोलेन असे त्याला वाटले असेल का? दुसरे कारण मला अजून सापडलेले नाही, आणि या कारणाने माझ्या अंगाची आग होते.

भांडारपालाच्या त्या वाक्याचा लोकांना राग येईल. मलाही येतो. पण काडी ओढली तेव्हाच मी त्या वाक्यावर विसंबलो होतो. कुणाचे आडनाव पाहून कुणावर विश्वास ठेवला जाईल, हे मी आधीच जोखले होते. काळच तसा होता, असे कुणी म्हणू लागले की मी उठून जातो. काळ त्या खोलीत नव्हता. मी होतो.

त्याच दिवशी त्याला काढले. पोलिसांत दिले नाही, हा शेठचा मोठेपणा म्हणून पुढे बरेच दिवस सांगितला गेला. त्या रस्त्यावरच्या एकाही कारखान्याने त्याला पुन्हा दारात उभे केले नाही. तो खडीच्या मशीनवर लागला. मी चंदन पूर्ववत केले आणि वाळा वाढवला — तो म्हणत असे तेवढाच. ते तेल पुढे वर्षानुवर्षे खपले. माझ्या नावावर.

सात-आठ वर्षांनी तो मला शिळफाट्याच्या बाजारात भेटला. सुकट घेत होता. भुवयांवर खडीची पांढरी धूळ. मी वळणार तोच म्हणाला, 'साहेब, वाळा वाढवलात का मग?'

मी म्हणालो, 'हो.'

'बरं झालं.' मग सुकटीचा पुडा माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, 'तुमचं नाक शाबूत हाय ना? मंग बघा जरा, खवट नाय ना. माजं धुळीनं गेलं. घरात बायको हसते, म्हनते, याला आता काय बी वाढा.'

मी हुंगले. चांगली आहे, म्हणालो. त्याने पुडा बांधून घेतला. त्याला मी खरे सांगितले ते एवढेच.

त्यानंतर तो अकरा वर्षे जगला. कारखान्याची बस रोज दोनदा कुंभिवलीच्या फाट्यावर थांबे. मी एकदाही उतरलो नाही.